बंद कुरणातला डाग

उपग्रह काही कुणाच्या भाऊबंदकीतला नाही, तरी त्यानं मेंढपाळ मगनआबांचं नाव खराब केलं. सोनगीरच्या बंद कुरणात एक गोल उजाड डाग दिसे आणि दर पाच दिवसांच्या नकाशात तो पुढं सरकलेला असे.

"आबा, चोरून चरताहेत त्या तुमच्याच मेंढ्या. चराईचा पास रद्द होणार," सर्वेवाला योगराज म्हणाला.

"मन्या मेंढ्या वाडामा शेतस, भाऊ. चाल, जागावर दखू." आबांनी आपल्या मेंढ्यांच्या वाड्याकडे बोट केलं.

थंडीतल्या सकाळी दोघं डागाच्या जागी पोचले. तिथं मात्र गुडघाभर गवत उभं होतं, दवानं भिजलेलं. आबांनी जमिनीला हात लावला; कळप नुकताच उठून गेल्यासारखी ती कोमट होती.

"ऊन शे. आतेच उठन्यात."

गवत हललं नाही. पण योगराजच्या गुडघ्याला काहीतरी लोकरीचं घासून पुढं गेलं. मग दुसरं. मग तिसरं.

"लिख आते," आबा त्याच्या वहीकडे बोट करत म्हणाले, "कोन्या शेतस त्या?"