भरवशाचा रावी

"तुह्या अब्बानंच सांगतलं ना? मग आता कायचा वाद?" हाजी जब्बारनी मांडी ठोकली. "बाईनं हदीस शिकवू नये अशी हदीसच हाय म्हणे. काल पाच जणायनं ऐकलं. चाबी ठेव, बेटी, अन् घरी जा."

तुमसरच्या मशिदीमागच्या खोलीत तहसीन पोरींना पैगंबरांची वचनं, हदीस, शिकवायची. पोरी वाढत गेल्या तसं जमातीच्या सदराच्या, म्हणजे अध्यक्ष असलेल्या या जब्बारांच्याच, पोटात दुखू लागलं. तिच्याशी वाद घालून भागेना, तेव्हा त्यांनी तिच्या बापालाच पुढे केलं. मौलवी कय्यूम यांनी तिलाच काय, आज इथं सभेला बसलेल्या अर्ध्या पंचांनाही शिकवलं होतं. आता ते खुर्चीत तसबीहचे मणी ओढत बसले होते. सकाळपासून ते तहसीनला तिच्या वारलेल्या आईच्या नावानं हाक मारत होते.

अशी हदीस कोणत्याही किताबात नाही, हे तहसीनला पक्कं ठाऊक होतं. पण इथं किताब कोण बघतो? जमातीला मौलवीसाहेबांचा शब्द पुरे होता. तो शब्द खोडायची एकच वाट होती, आणि त्या वाटेनं जायला तिचा जीव धजत नव्हता. मग खिडकीबाहेर दप्तरं घेऊन ताटकळलेल्या पोरी तिला दिसल्या.

"हदीस जोखाची असन तर आधी रावी जोखतेत," ती उठून म्हणाली. "रावी म्हणजे सांगणारा. तो खोटारडा हाय का, त्याची याद शाबूत हाय का, सारं पाहतेत. सख्खा बाप असला तरी सोडत नाहीत. म्हातारपणी ज्याची याद गेली, त्याचं आधीचं घ्याचं, नंतरचं सोडाचं. माह्या अब्बाची याद गेल्या बकरी ईदले गेली. नमाज पढून निघाले अन् घरचा रस्ता विसरले. ईदनंतरचं त्यायचं काही घेऊ नका."



"भरसभेत बापाले येडं म्हणतं?" जब्बार ओरडले. "लाज नाही वाटत?"

"येडं नाही, कमजोर रावी. त्यायची याद कमजोर हाय, हाजीसाहेब. तुमची नियत."

जब्बार लालबुंद होऊन मौलवींकडे वळले. "ऐकलं का, मौलवीसाहेब? पोरगी काय बोलून राहिली?"

मण्यांचा आवाज थांबला. म्हाताऱ्यानं मान वर केली. कुठलाही शागीर्द काहीही बोलला की ते आधी एकच विचारायचे, कुणाकडून ऐकलंस? आज कित्येक महिन्यांनी त्यांच्या नजरेत तो जुना उस्ताद दिसला.

"कायदा सांगतलास," ते दरडावून म्हणाले. "पण तुले तो कोणं सांगतला?"

तहसीनला रडू फुटणार होतं. तिनं ते गिळलं, आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"तुम्हीच, अब्बा. ईदच्या आधी."