सातवा कप्पा

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला सहा विषय पुरतात, पण लेकीची हौस दांडगी. तिने सात घेतले आणि शिवणकाम करणाऱ्या आईकडून सात कप्प्यांची पिशवीही शिवून घेतली. महिनाभरात तिची दमछाक झाली; जेवायलासुद्धा सवड मिळेना. विषय सोडायची आज शेवटची तारीख होती, पण अर्ज भरायला मन धजेना, कारण मैत्रिणींसमोर भरपूर फुशारकी मारून झाली होती. सकाळी निघताना दारातच पिशवीचा पट्टा तुटला आणि पुस्तकं घरभर पसरली. "तुझे टाके कच्चे गं, आई." "टाके जागच्या जागी आहेत, कापड फाटलंय," आई पट्टा निरखत म्हणाली. "पिशवी बोलली एकदाची. तू कधी बोलणार?" लेकीला खुदकन हसू फुटलं. तिने तिथेच बसून अर्ज भरला. आईने पट्टा दुहेरी शिवला. "सातवा कप्पा उसवू का?" "राहू दे. त्यात डबा मावेल."