फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

रियाधमध्ये अकरा वर्षं नर्स राहिलेल्या दानम्माची पाठ कोल्हापुरात परतल्यावरही अरबीनं सोडली नव्हती. इथं शिकणाऱ्या एका येमेनी विद्यार्थ्याच्या म्हाताऱ्या आईचा खुबा दुखत होता. ऑपरेशनची गरज ठरवायला डॉक्टरांनी दानम्माच्या हाती बारा प्रश्नांचा अरबी फॉर्म दिला. दानम्मा थकल्या आवाजात वाचत गेली. मोजे घालता येतात? गाडीत बसता येतं? म्हातारी प्रत्येकाला “अडचण नाही” म्हणाली. “मग ऑपरेशन कशाला?” डॉक्टर म्हणाले. “सर, ही मोजं घालतच न्हाय. हिच्या डोंगरात गाडी जातच न्हाय.” दानम्मानं फॉर्म बाजूला ठेवून म्हातारीला विचारलं, “नमाजाला जमिनीवर कपाळ टेकता येतं?” म्हातारीचे डोळे भरले. “चार वर्षं खुर्चीवरच पढते, पोरी.” दानम्मानं ते मराठीत सांगितलं. डॉक्टरांनी फॉर्म उलटला. “हे यात नाहीच. आणखी काय विचारायचं राहिलंय?” ड्यूटी संपून तास झाला होता, पाय ठणकत होते. दानम्मानं स्टूल ओढलं. “लय हाय. कोरा कागद द्या.”