एक्केचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी

"ताईच्या नजरेतून एक जोडी सुटलीये," भिंगरी म्हणाली आणि पेनड्राइव्ह खुपसून मोकळी झाली.

समोर तीन परीक्षक होते. विभागप्रमुख मॅडम, दाढीवाले सर, आणि ज्यांचं सगळं लक्ष बिस्किटांच्या बशीत होतं ते तिसरे सर. ताईला संशोधनासाठी आणखी एक वर्ष द्यायचं की नाही, हे तिघं आज ठरवणार होते. भिंगरी तिची धाकटी बहीण. शाळेला सुट्टी लागल्यापासून ताईचं शेपूट होऊन प्रयोगशाळेत येत होती. ताईचं बोलणं अर्ध्यावर आलं असताना मॅडमनी नुसतं कौतुकानं विचारलं, की काय गं, सुट्टीत काय शिकलीस? "बरंच काही," एवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसणं हा विषय भिंगरीच्या अभ्यासक्रमात नव्हता.

पडद्यावर ठिपक्यांनी भरलेला चौकोन उमटला. भिंगरी समजावायला लागली, तेही परीक्षकांना. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ गुंडाळून तिचा गोळा होतो, आणि माळेत लांब लांब असलेले मणी गोळ्यात एकमेकांना टेकतात. टेकलेल्या प्रत्येक जोडीचा एक ठिपका. ताईचं म्हणणं असं, की हे प्रथिन उकळत्या पाण्यातसुद्धा उलगडत नाही, कारण मधल्या मण्यांची गाठ घट्ट आहे. पण तिकडे कोपऱ्यात एक एकटा ठिपका होता. एक्केचाळीस नंबरचा मणी आणि अठ्ठ्याऐंशी नंबरचा. खरी गाठ तिथे होती, आणि ताई इतकी वर्षं भलतीकडेच शोधत बसली होती. "काखेत कळसा नि गावाला वळसा," भिंगरी म्हणाली. तिसरे सर खुदकन हसले. भिंगरी दोन इंच वाढली.

ही जोडी तिला आधीच्या आठवड्यातच ताईच्या फाइलमध्ये सापडली होती. आईला सांगून झालं होतं, वर्गातल्या निम्म्या मुलींना फोनवर सांगून झालं होतं. ताईला तेवढं मुद्दाम सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी चारचौघांत सांगितल्या की जास्त शोभतात.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. हे दोन मणी एकाच रेणूतले आहेत का, असं त्यांनी विचारलं. भिंगरीला प्रश्नच कळला नाही. एकाच प्रथिनातले आहेत, ती म्हणाली.

मॅडम अजिबात ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रथिनाचा आकार मोजायचा तर आधी त्याचा स्फटिक करतात, आणि स्फटिकात रेणू एकटा नसतो, त्या म्हणाल्या. गर्दीत माणसं उभी राहतात तसे रेणू एकमेकांना खेटून असतात. या फाइलमध्ये असे दोन आहेत, अ आणि ब. एक्केचाळीस अ मधला असणार, अठ्ठ्याऐंशी शेजारच्या ब मधला. एकाचं कोपर दुसऱ्याला लागलं, एवढाच काय तो संबंध. पाण्यात सोडले की दोघं आपापल्या वाटेनं जातील. मग त्यांनी विचारलं, की प्रत्येक मण्यापुढे अ किंवा ब लिहिलेला रकाना होता, तो कुठे गेला?

तो कुठे गेला ते भिंगरीला लख्ख आठवलं. खालपर्यंत नुसतं अ, अ, अ, मग ब, ब, ब. तिला वाटलं होतं, फुकटची जागा अडवलीये. चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून तिनंच एका फटक्यात तो उडवला होता.

तिचे कान तापले. धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं म्हणतात, पण खालची फरशी चांगली मजबूत होती. ठिपका पडद्यावर तसाच, सगळ्यांना दिसेल असा.

"ती फाइल मीच तिला तशी दिली," ताई म्हणाली. "रकाना माझ्याकडून उडाला."

दाढीवाले सर पुढे सरकले. म्हणजे तुझ्या मधल्या गाठीचा हिशोबही याच फाइलवरून केलास का, त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, सगळं पुन्हा तपासते. सर मान खाली घालून काहीतरी लिहू लागले. तिसऱ्या सरांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. ते सगळ्यात भयंकर होतं.

आणि भिंगरीला हायसं वाटलं. खरंच वाटलं, क्षणभर. तिला स्वतःची लाज वाटली ती तेव्हा.

ताईनं पडद्यावर पुन्हा आपल्या स्लाइड्स लावल्या आणि बटण दाबलं. एक निळा रेणू आला, त्याला खेटून एक करडा. निळ्यावर अ, करड्यावर ब. दोघं जिथे टेकले होते तिथे दोन मणी ठळक केले होते, एक्केचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी, आणि त्यांच्यावर लाल फुली. खाली ताईनं लिहिलं होतं, 'हा स्पर्श फक्त स्फटिकातला. मोजलेला नाही.'

ताईचं बोट लगेच पुन्हा बटणावर पडलं. चित्र गेलं. सर अजून लिहीतच होते, मॅडम पाणी पीत होत्या, तिसरे सर बशीकडे बघत होते. पाहिलं ते फक्त भिंगरीनं.

ताईनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढचं सांगायला लागली.

भिंगरी उठली. खुर्ची केवढ्यांदा तरी करकरली. तिघांनीही माना वर केल्या.

"ताई," ती म्हणाली, "एक स्लाइड मागे जा."