पाय न वाजवता

सुनेत्राने कॅसेट-डेकची वायर भिंतीवरच्या प्लगमधून काढली, डेक टेबलावर पालथा घातला आणि पहिला स्क्रू फिरवला. तेवढ्यात तिचा नवरा दत्ताराम दुपारच्या झोपेतून उठला.

"अगो, उघडलंस काय तो?"

"उघडला."

"माका इचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे खरंच होतं. गिरगावातल्या या चाळीत वरच्या मजल्यांची जमीन लाकडी फळ्यांची. कुणी टाच टेकून चाललं की फळी हलायची, तिच्याबरोबर कपाट, कपाटाबरोबर त्यावरचा डेक. डेकच्या मागे वायर सैल, त्यामुळे ऐन रंगात आलेलं भजन गप्प व्हायचं. दत्ताराम वायरीखाली काडेपेटीचा पुठ्ठा पुन्हा खोचायचा आणि मागे न बघताच म्हणायचा, "हळू." त्याच्या मते मशीन उत्तम होतं, चालणाऱ्यांचे पाय वाईट होते. घरातली सगळी चवड्यांवर चालायला शिकली. मुलगी सीमा सासरीही तशीच चालते आणि तिथे तिच्या नाजूकपणाचं कौतुक होतं.

गेल्या रविवारी सीमा आपल्या लेकीला, चिमीला घेऊन आली होती. चिमी नुकती चालायला लागलेली, थाडथाड पाय आपटत निघाली. भजन थांबलं. "हळू" एवढं मोठ्याने आलं की पोर मटकन खाली बसली आणि मग दिवसभर रांगली. सुनेत्राला आलेला राग आठवडाभर उतरला नाही. आज त्या दोघी परत यायच्या होत्या.

"तुका जमतला?" दत्तारामने विचारलं.

"मग लग्नाआधी अंधेरीला मी काय पापड लाटत होते?"

अंधेरीला ती रेडिओच्या कारखान्यात कथील वितळवून तारा जोडायचं सोल्डरिंग करायची. त्याला हे ठाऊक होतं, फक्त आठवत नव्हतं.

झाकण निघालं. वायर जिथे खोचतात त्या सॉकेटची एक पिन आतून सुटून डुगडुगत होती. सुनेत्राने चष्मा लावला, जुनं सोल्डर वितळवून काढलं, पिन घासली आणि नवा थेंब सोडला. स्वतःवर खूश होऊन तिने गार झालेली पिन दोनदा हलवून पाहिली. ती हलली नाही. काडेपेटीचा पुठ्ठा तिने केराच्या डब्यात टाकला.

डेक कपाटावर गेला, भजन सुरू झालं, आणि सीमा आली. तिने चिमीला दारात उभं केलं. चिमीने भजन ऐकलं, आजोबांकडे पाहिलं आणि खाली बसून रांगायला लागली.

दत्तारामचा चेहरा पडला.

सुनेत्राने पदर खोचला. कपाटासमोर जाऊन तिने एक टाच फळीवर आपटली, मग दुसरी. कपाटातले कप किणकिणले. भजन चालूच राहिलं.

"बघतेस काय? ऊठ," ती नातीला म्हणाली.

चिमी आजीच्या साडीला धरून उठली. तिने एक पाय आपटून पाहिला, डेककडे बघितलं, मग दुसरा आपटला. मग दोघी खोलीभर थाडथाड फिरू लागल्या. खालच्या बिऱ्हाडातून गंगुबाईंनी झाडूच्या दांड्याने ठोकलं.

सवयीने सगळ्यांनी दत्तारामकडे पाहिलं. तो उठला, टाचा टेकत कपाटापर्यंत गेला आणि त्याने आवाज वाढवला.