पाचवी नोंद

"चार झाले," वैभव म्हणाला. "पाच लागतात."

केशरबाईंनी टेबलावरचा कागद स्वतःकडे वळवला. त्यांना गुजराती वाचता येत नव्हतं; म्हणूनच तर शेजारच्या दत्तूला कारखान्यात खाडा करायला लावून त्या सोबत घेऊन आल्या होत्या. सुरतमधल्या कोसाडच्या त्यांच्या वसाहतीसमोर रस्त्याच्या दुभाजकात एक फट आहे. अर्धी वसाहत रोज तिथूनच रस्ता ओलांडते. दीड वर्षापूर्वी तिथंच त्यांचे यजमान रामजी अपघातात गेले. तेव्हापासून सिग्नल मागायला त्या रस्ते विभागाच्या या कार्यालयाचे जिने चढत होत्या.

"कसले पाच?"

"तीन वर्षांत एकाच ठिकाणी झालेले मोठे अपघात, मावशी. माणूस गेलेला किंवा गंभीर जखमी. पाच नोंदी असल्या की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. दोन हजार तीसपर्यंत देशातले रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आणायचेत, म्हणून आधी अशा जागा हाती घेतात." इंजिनिअर वैभव तरुण होता, जन्म सुरतचाच, आईवडील जळगावकडचे. बोलताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "यादी शुक्रवारी जाते. चारवर पाठवली तर परत येईल. मागच्या वेळी आली."

"म्हणजे पाचव्याची वाट बघायची?"

वैभवने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

दत्तू उठला. भिंतीजवळच्या माठातलं पाणी प्यायला, परत आला, पण बसला नाही. डाव्या मांडीत ऑपरेशनची सळई होती. जास्त वेळ बसलं की ठणकायची. आज बसण्याआधीपासूनच ठणकत होती.

"पाय दुखतो का रे?" केशरबाई म्हणाल्या. "बस ना."

"नाही. जरा बाहेर जाऊन येतो."

गॅलरीत येऊन त्याने मेहुण्याला फोन लावला.

"गाडी चालवतोयस का, रघुनाथ?"

"नाही दाजी. पर्वत पाटिया नाक्यावर उभा आहे, माल उतरतोय. बोला."

"त्या दिवशीचं सांगून टाकावं म्हणतो. खरं काय ते."

पलीकडे हमालांची ओरड ऐकू येत राहिली.

अकरा महिन्यांपूर्वी त्याच फटीतून दत्तू जेवायला घरी निघाला होता आणि रघुनाथच्या टेम्पोने त्याला उडवलं होतं. रघुनाथनेच त्याला उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं. वाटेत तो रडत होता. तेव्हा दत्तूनेच त्याला सांगितलं, कारखान्याच्या जिन्यावरून पडलो म्हणू. बायकोचा एकुलता एक भाऊ. ते खोटं एकदा कागदावर चढलं आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसलं.

"आज काय झालं?" रघुनाथने विचारलं.

दत्तूने चार आणि पाचचा हिशेब सांगितला. शुक्रवार सांगितला.

"माझं लायसन जाईल, दाजी."

"जाऊ शकतं. केस पण होईल."

"ताईला विचारलं?"

"नाही. आधी तुला. तू नको म्हणालास तर मी आत जाऊन गप्प बसतो." हे बोलतानाच त्याला कळलं, की गप्प बसणं आता आपल्याला जमणार नाही. बायको, कविता, रोज सकाळी तिथूनच पोरीला शाळेत सोडायला जाते. तो कठड्यावर बोटं वाजवत राहिला, मग हात खिशात घातला, मग बाहेर काढला.



"साहेबांकडे फोन द्या," रघुनाथ म्हणाला.

दत्तू आत आला. फोन स्पीकरवर टाकून त्याने टेबलावर ठेवला. "पाचवा अपघात माझा आहे," तो उभ्यानेच म्हणाला. "जिन्यावरून पडलो नव्हतो. हा माझा मेहुणा. टेम्पो याचा होता."



"मी तुझ्या शेठशी भांडून जिन्याला कठडा बसवून घेतला," केशरबाई म्हणाल्या.

दत्तूने मान खाली घातली. त्यांनी शेजारची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली. "बस आता."

वैभवने कोरा कागद घेतला. "आज दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागेल. त्याची प्रत आणलीत की मी पाचवी नोंद जोडतो. पुढे तुमच्यावर काय कारवाई होईल ते माझ्या हातात नाही, रघुनाथभाई. समजतंय ना?"

"समजतंय." फोनमधून रघुनाथने टेम्पोचा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. मग स्वतःचं पूर्ण नाव. मग तारीख.

"वेळ?"

"दुपारचे सव्वाबारा. आणि साहेब, एवढं लिहाच. गाडी तीसवर होती. फोन खिशात होता. तिथली दुभाजकातली कण्हेर माणसाच्या डोक्याच्या वर गेलीय." तो थांबला. "दाजींना मी गर्दीत पाठमोरे असले तरी ओळखतो. लख्ख ऊन होतं, साहेब. दिसलेच नाहीत."