पंचाची पापणी

छातीवर चार बिल्ले लावून सर पंच-प्रशिक्षणाच्या वर्गासमोर मैदानात उभे राहिले. "प्रेक्षक शिव्या घालणारच, पंचाने ढिम्म राहायचं. चला, घाला मला शिव्या! ज्याच्या बोलण्याने माझी पापणी लवेल, तो परीक्षेशिवाय पास!"

पोरं तुटून पडली. कुणी सरांना आंधळा म्हटलं, कुणी विकाऊ, एकाने तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सरांची पापणी काही लवली नाही.

दोनदा नापास झालेल्या, शेवटची संधी उरलेल्या वर्गातल्या एका ताईला शिव्याच येत नव्हत्या. तिने आदबीने विचारलं, "सर, तुम्ही आजवर किती सामन्यांत पंच होतात हो?"

सरांची पापणी सलग पाच वेळा लवली.



मग त्यांनी ताईला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढलं आणि शेरा लिहिला, 'अर्वाच्य भाषेमुळे नापास.'